विश्लेषण : गोल्फचा चेंडू होलच्या काठावर अडला, तर दहा सेकंदांत काय ठरते?

खो-खोच्या सामन्याची बातमी धाराशिवच्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. कोण किती मिनिटे आणि किती सेकंद पळाली, किती गडी टिपले, कोण नाबाद राहिली, हे कंसातले आकडे इथे आधी वाचले जातात आणि बाकीची बातमी नंतर. सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात अश्विनी शिंदे होती. त्यामुळे दहा सेकंदांत सामना कुठल्या कुठे जातो, हे या जिल्ह्याला कळते. गोल्फ मात्र आपल्याकडच्या मैदानांवरचा खेळ नव्हे. तो दिसतो तो मोबाइलवर, आणि त्यातही एक प्रकारची चित्रफीत पुन्हा पुन्हा समोर येते. चेंडू हिरवळीवरून संथपणे येतो, होलच्या अगदी काठावर थांबतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. खेळाडू डोक्याला हात लावतो. काही क्षण जातात आणि चेंडू आपोआप आत पडतो. प्रेक्षक ओरडतात. पण त्यानंतर पंच येऊन खेळाडूच्या नावावर एक फटका वाढवतो आणि पाहणाऱ्याला प्रश्न पडतो की चेंडू तर आत गेला, मग दंड कशाचा? इथेही उत्तर दहा सेकंदांतच आहे.

नियम नेमका काय?

गोल्फचे नियम इंग्लंड-स्कॉटलंडकडील ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेतील ‘यूएसजीए’ या दोन संस्था मिळून ठरवतात. त्यातील नियम १३.३ फक्त काठावर अडलेल्या चेंडूसाठी आहे. चेंडूचा कोणताही भाग होलच्या कडेच्या आत डोकावत असेल, तर खेळाडूला दोन गोष्टी मिळतात. एक, होलपर्यंत चालत जायला लागणारा वाजवी वेळ. दोन, तिथे पोहोचल्यावर आणखी दहा सेकंद.

या मुदतीत चेंडू पडला, तर तो आधीच्याच फटक्यात होलमध्ये गेला असे धरतात. दंड नाही, वाद नाही. मुदत संपली आणि चेंडू अजून काठावरच असेल, तर तो ‘थांबला’ असे मानले जाते. मग खेळाडूने पुढे होऊन तो हलकेच आत ढकलायचा आणि तो फटका मोजायचा. आता खरी गंमत तिसऱ्या शक्यतेत आहे. मुदत संपली, खेळाडूने अजून फटका मारलेला नाही, आणि तेवढ्यात चेंडू स्वतःहून पडला तर? तर चेंडू आत गेला हे मान्य, आधीच्या फटक्यातच गेला हेही मान्य, पण धावपत्रिकेत, म्हणजे गोल्फच्या भाषेत स्कोअरकार्डवर, दंडाचा एक फटका वाढतो.

दहा सेकंद मोजायचे कधीपासून?

चित्रफीत पाहणाऱ्यांची गफलत बहुतेक वेळा इथेच होते. आपण चेंडू थांबल्या क्षणापासून मोजायला लागतो. नियमाचे घड्याळ मात्र खेळाडू होलपाशी पोहोचल्यावर सुरू होते. दीडशे यार्डांवरून मारलेला चेंडू काठावर अडला, तर तिथवर चालत जायला दोन मिनिटे लागू शकतात. ती दोन मिनिटे दहा सेकंदांत धरत नाहीत. अर्थात त्या दोन मिनिटांची पाच करायची सोय नाही. वाटेत पिशवी उघडून पाणी पीत बसणे, दुसऱ्याच बाजूने वळसा घालणे, हे ‘वाजवी वेळ’ या शब्दांत बसत नाही.

‘वाजवी’ हा शब्द मोजपट्टीने मोजता येत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी चालण्याचा वेळ माणसाच्या समजुतीवर सोडला आणि उभे राहण्याचा वेळ आकड्यात बांधला. ठिकाणचे अंतर दरवेळी वेगळे असल्याने याहून वेगळे काही करता आले असते असे वाटत नाही.

मोजणारे कोण, हा आणखी एक प्रश्न. खो-खोच्या सामन्यात वेळाधिकारी असतो, त्याच्या हातात घड्याळ असते, गुणलेखक वेगळा असतो. गोल्फमध्ये अठरा होल काही किलोमीटरच्या परिसरात पसरलेले. प्रत्येक खेळाडूमागे पंच ठेवणे अशक्य. त्यामुळे बहुतांश खेळ पंचाविनाच चालतो. खेळाडू स्वतःचा दंड स्वतः सांगतो आणि त्याच्या गुणांची नोंद सोबत खेळणारा प्रतिस्पर्धी ठेवतो. काठावरच्या चेंडूचे दहा सेकंदही बहुधा त्यांनीच मनात मोजायचे. मोठ्या स्पर्धांत नियमांचे अधिकारी फिरत असतात, कॅमेरेही असतात.

सी-वू किमला दंड का बसला?

१७ एप्रिल २०२१. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात ‘आरबीसी हेरिटेज’ स्पर्धेची तिसरी फेरी सुरू होती. दक्षिण कोरियाचा सी-वू किम आणि अमेरिकेचा मॅट कुचर एकत्र खेळत होते. तिसऱ्या होलवर किमचा बर्डीसाठीचा फटका, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी घेऊन होल संपवणारा फटका, अगदी कडेवर येऊन अडला. किम होलपाशी गेला आणि पाहत राहिला. कुचरही पाहत राहिला. चेंडू अजून हलतो आहे असे दोघांनाही वाटत होते. जवळपास एक मिनिटाने चेंडू आत पडला.

अधिकाऱ्यांनी नियम लावला. दहा सेकंद कधीच उलटून गेले होते. तीन फटक्यांत चेंडू आत, अधिक दंडाचा एक, म्हणून चार. बर्डीचा पार झाला.

चेंडू हलत होता, तर तो ‘थांबला’ असे कसे म्हणायचे? सोशल मीडियावर तेव्हा हाच मुद्दा गाजला, आणि पहिल्यांदा ऐकताना तो पटतोही. पण हा नियम लिहिला गेला तोच ही चर्चा टाळण्यासाठी. काठावरचा चेंडू केसाएवढा सरकतो आहे की नाही, हे उघड्या डोळ्यांनी ठरवणे अशक्य असते. ज्याला तो हलताना हवा आहे, त्याला तो हलताना दिसतो. म्हणून नियमाने डोळ्यांना विचारणेच बंद केले. दहा सेकंदांनंतर चेंडू खरोखर हलत असला, तरी हिशेबापुरता तो थांबलेला. तोवरचा काळ चेंडूचा, त्यानंतरचा खेळाडूचा.

आता दंड अन्यायाचा आहे का, ते पाहू. समजा किमने अकराव्या सेकंदाला चेंडू हलकेच आत ढकलला असता. तीन अधिक एक, चार फटके. मिनिटभर थांबून, चेंडू आपोआप पडून, दंड धरून किती झाले? चारच. दोन्ही वाटांनी हिशेब एकच येतो. दंड हा शब्द ऐकायला कठोर, पण प्रत्यक्षात तो ‘जादा थांबल्याचा फायदा मिळणार नाही’ एवढेच सांगतो. तोटाही करत नाही. माझ्या मते संपूर्ण नियमपुस्तकातल्या सर्वांत शहाण्या तरतुदींपैकी ही एक आहे, आणि ती तशी आपोआप झालेली नाही.

पूर्वी काय होत असे?

त्यासाठी १९८५ च्या जून महिन्यात, अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ओकलंड हिल्स मैदानावर जावे लागते. स्पर्धा होती ‘यूएस ओपन’, गोल्फमधील चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक. झिम्बाब्वेचा डेनिस वॉटसन तेव्हा ऐन भरात होता. आदल्याच वर्षी त्याने अमेरिकी व्यावसायिक मालिकेत तीन स्पर्धा जिंकल्या होत्या. पहिल्या फेरीत आठव्या होलवर त्याचा चेंडू काठावर येऊन अडला. वॉटसन थांबला. सुमारे पस्तीस सेकंद गेले आणि चेंडू पडला.

दहा सेकंदांची मर्यादा तेव्हाही होती. पण ती ओलांडली म्हणून वॉटसनला दंड झाला तो दोन फटक्यांचा. चेंडू आत गेल्याचा आनंद काही मिनिटेही टिकला नाही.

पहिल्या दिवशीचे दोन फटके म्हटले तर भरून काढण्यासारखे असतात. वॉटसनने ते जवळजवळ भरून काढलेही. दुसऱ्या दिवशी त्याने ६५ फटक्यांची फेरी खेळली. चौथ्या दिवसाच्या शेवटी त्याची एकूण बेरीज झाली २८०. विजेता ठरला अमेरिकेचा अँडी नॉर्थ, त्याचे फटके होते २७९. गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो. वॉटसन एका फटक्याने हरला.

आता तोच हिशेब पुन्हा मांडू, बाकी सगळे जसेच्या तसे घडले असते असे गृहीत धरून. त्या पस्तीस सेकंदांना कोणी हरकत घेतली नसती, तर बेरीज २७८ आणि स्पर्धा वॉटसनची. तो दहा सेकंद थांबून पुढे झाला असता आणि चेंडू आत ढकलला असता, तर २७९ आणि नॉर्थशी बरोबरी. तो पस्तीस सेकंद थांबला, म्हणून २८०. म्हणजे चेंडू स्वतःहून आत पडल्यामुळे त्याचे, चेंडू ढकलण्यापेक्षा, एका फटक्याने अधिक नुकसान झाले. निसर्गाने मदत केली आणि नियमाने तिची वसुली दुप्पट केली.

हे विचित्र आहे हे पुढे नियमकर्त्यांनाही पटले असावे, कारण नंतर या प्रसंगासाठी एकाच फटक्याची बेरीज ठरली. आज वॉटसनला तोच प्रसंग आला, तर किमसारखा एक फटका वाढेल आणि बेरीज २७९ वर थांबेल.

त्याच स्पर्धेत आणखी एक जण एका फटक्याने हरला. तैवानचा टी. सी. चेन. शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन तो खेळत होता. पाचव्या होलवर गवतातून चेंडू उचलताना त्याची काठी एकाच फटक्यात चेंडूला दोनदा लागली. त्याचाही दंड त्या काळी एक फटका होता. त्या एका होलवर चेनचे आठ फटके झाले आणि आघाडी तिथेच संपली. त्याचीही अंतिम बेरीज २८०. मुद्दाम न केलेल्या अशा दुहेरी स्पर्शाचा दंड २०१९ च्या मोठ्या नियमबदलात रद्द झाला. म्हणजे आजचे पुस्तक उघडून १९८५ चे गुण पुन्हा मांडायचे म्हटले, तर नॉर्थ, वॉटसन आणि चेन तिघेही २७९ वर येतात. करंडकावर अर्थातच नॉर्थचे नाव आहे आणि ते राहणार. खेळल्या दिवशी जे पुस्तक लागू होते, त्यानेच निकाल लागतो.

एका फटक्याचे मोल भारतीय प्रेक्षकाला ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी कळले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती. कधी गोल्फ न पाहिलेले लोक पहाटेपासून मोबाइलवर बर्डी म्हणजे काय, बोगी म्हणजे काय शोधत बसले होते. अदितीचे चार फेऱ्यांचे फटके झाले २६९. रौप्य आणि कांस्य मिळवणाऱ्या दोघींचे होते प्रत्येकी २६८. संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्याने सगळे झाकले गेले, नाहीतर त्या एका फटक्याची हळहळ देशाने जास्त दिवस केली असती.

चेंडू काठावर अडतोच कसा?

होलचा व्यास असतो सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. १८९१ पासून हे माप पक्के आहे. चेंडूचा व्यास साधारण ४२.७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. होलच्या तोंडात दोन चेंडू शेजारी शेजारी सहज मावतात. तरीही चेंडू अडतो.

कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच समजेल. सोंगटी पॉकेटच्या कडेवर अर्ध्याला थोडी कमी बाहेर असली, तरी पडत नाही, कारण तिच्या वजनाचा मध्य अजून बोर्डावर असतो. चेंडूचेही तसेच. वरून पाहिले, तर जवळजवळ अर्धा चेंडू पोकळीवर आलेला दिसतो. पण तो टेकलेला असतो एका बिंदूवर, आणि तो बिंदू त्याच्या मध्याखाली असतो. मध्य कडेच्या अलीकडे आहे तोवर चेंडू उभा.

फरक एवढाच की कॅरमचा बोर्ड लाकडाचा आणि गोल्फचे ग्रीन जिवंत गवताचे. ते कितीही बारीक कापलेले असले, तरी चेंडूच्या खाली गवताची पाती असतात. वजनाने ती हळूहळू दबतात, वाकतात. त्यात वाऱ्याची एखादी झुळूक. दिवसभर खेळाडूंच्या पायांनी आणि चेंडू काढणाऱ्या हातांनी होलची कडही थोडी खचलेली असते. म्हणून कॅरमची सोंगटी पॉकेटवर रात्रभर तशीच राहते, आणि गोल्फचा चेंडू मिनिटाभरानेसुद्धा पडू शकतो. वेळेची मर्यादा घालावी लागली ती यामुळे. नाहीतर वारा येईपर्यंत लोक उभे राहिले असते आणि मागचे खेळाडू ताटकळले असते.

बहुतेक वेळा मात्र निकाल चटकन लागतो. २००५ च्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या फेरीत टायगर वूड्सने सोळाव्या होलवर ग्रीनबाहेरून मारलेला चेंडू उतारावरून वळत आला, कडेवर जेमतेम दोन सेकंद थांबला आणि पडला. गोल्फमधील सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या चित्रफितींपैकी ती एक असेल. वूड्स तेव्हा होलपासून दूरच होता. त्याचे दहा सेकंद सुरूही झाले नव्हते.

पाय आपटला, किंवा दुसऱ्याने चेंडू उचलला तर?

खेळाडूने होलजवळ पाय आपटून किंवा उडी मारून चेंडू पाडणे चालत नाही, त्याला दंड आहे. वाट पाहायची, तर नुसती पाहायची.

प्रतिस्पर्ध्याचा खोडसाळपणाही नियमाने गृहीत धरला आहे. दोघांच्या थेट लढतीत, म्हणजे मॅच प्लेमध्ये, तुमची मुदत संपण्याआधी समोरच्याने मुद्दाम तुमचा चेंडू उचलला किंवा हलवला, तर तो आधीच्या फटक्यात आत गेला असेच धरतात. थोडक्यात, घाई करणाऱ्याने तुम्हाला होल बहाल केला. अनेक खेळाडूंच्या स्ट्रोक प्लेमध्ये, जिथे एकूण फटक्यांची बेरीज होते, तिथे असे करणाऱ्याला दोन फटके दंड बसतो आणि चेंडू पुन्हा काठावर ठेवला जातो. दोन प्रकारांत हा फरक का? मॅच प्लेमध्ये नुकसान फक्त समोरच्याचे होते. स्ट्रोक प्लेमध्ये एकाला फुकटचा होल दिला, तर मैदानावरच्या बाकी सगळ्यांवर अन्याय होतो.

काठीबाबतचा नियम वेगळा आहे, त्याची गल्लत करू नये. होलमध्ये झेंड्याची काठी उभी असते आणि २०१९ पासून ती न काढताही ग्रीनवरून फटका मारता येतो. चेंडू त्या काठीला टेकून अडकला आणि त्याचा थोडासा भाग जरी जमिनीच्या पातळीखाली गेला असेल, तरी तो होलमध्ये गेला असे मानतात. तिथे दहा सेकंदांचा प्रश्नच येत नाही. काठी मध्ये नसेल, तर मात्र अख्खा चेंडू पातळीखाली जाऊन थांबायला हवा.

दुसऱ्याच्या चेंडूने धक्का दिला तर?

गोट्या खेळलेल्यांना हा प्रश्न हमखास पडेल. शाळेमागच्या मातीत टाचेने खळगा करायचा, आणि कोणाची गोटी त्याच्या तोंडाशी अडली की आपल्या गोटीने तिला उडवायचे. खेळच तो होता. गोल्फमध्ये नेमके उलटे आहे. स्ट्रोक प्लेमध्ये दोन्ही चेंडू ग्रीनवर असतील आणि एकाने मारलेला चेंडू काठावर थांबलेल्या दुसऱ्याच्या चेंडूला लागला, तर मारणाऱ्याला दोन फटके दंड. धक्का बसलेला चेंडू होलमध्ये पडला, तरी तो बाहेर काढून होता तिथे, काठावरच, परत ठेवायचा. मारणारा मात्र त्याचा चेंडू जिथे जाऊन थांबला तिथूनच पुढे खेळतो.

मॅच प्लेमध्ये याच धडकेला दंड नाही. पण तिथेही धक्का बसलेला चेंडू जागेवर परत ठेवावा लागतो. म्हणून ग्रीनवर कोणी चेंडूमागे नाण्यासारखी छोटी चकती ठेवून चेंडू उचलताना दिसतो, ते मुख्यतः यासाठी. चकती जागा राखते आणि चेंडू खिशात सुरक्षित राहतो. काठावर अडलेला चेंडूही असाच उचलता येतो. मात्र दहा सेकंदांची मुदत संपण्याआधीच खेळाडूने तो उचलला, तर त्या क्षणापासून चेंडू थांबला असे धरतात आणि उरलेल्या सेकंदांवरचा हक्क जातो.